दाण्याएवढी हललेली मेंढरं

दृश्यमाध्यम हा नव्या शिक्षणाचा कणा आहे, असं धाराशिवच्या सभागृहात साहेबांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तेव्हा समोरचे शे-दीडशे शिक्षक आपापला कणा खुर्चीला टेकवून जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत होते. प्रशिक्षणाचं नाव होतं ‘स्टॉप मोशन ॲनिमेशन आणि चित्रपट निर्मिती’. फलक लांब झाल्यामुळं त्यातला ‘निर्मिती’ हा शब्द कुंडीच्या मागं गेला होता. बहुतेक शाळांनी नाही म्हणता न येणारं माणूस पाठवलं होतं. अणदूरजवळच्या एका वाडीवरच्या शाळेनं दीपाली वाघमोडेला पाठवलं होतं.

पुण्याहून आलेल्या पोरसवदा प्रशिक्षकानं टेबलावर एक लिंबू ठेवलं. फोटो काढला. लिंबू जरासं सरकवलं, पुन्हा फोटो काढला. असं बराच वेळ चाललं. लोक जांभया देऊ लागले. मग त्यानं ते सगळे फोटो एकामागं एक भराभर पडद्यावर सोडले, आणि लिंबू आपल्या पायानं टेबल ओलांडून पेल्यात जाऊन पडलं.

“लिंबू चाललं की ओ!” मागून कुणीतरी ओरडलं.

सभागृह खडबडून जागं झालं आणि जेवणाच्या पंगतीत आमटी पातळ आहे यावर एकमत झाल्यावर पुन्हा झोपलं. दीपालीच्या डोक्यातून मात्र ते लिंबू काही केल्या जाईना.

प्रत्येक शाळेला एक टॅबलेट आणि एक स्टँड मिळाला. स्टँड वर्गात गेला. टॅबलेट मुख्याध्यापक रणखांब सरांच्या कपाटात गेला. रणखांब सर वाईट माणूस नव्हते. तीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. सरांचं सगळं आयुष्य फोटोत चाललं होतं. शाळेत काही घडलं की त्याचा फोटो वरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, असा आधी नियम होता. पुढं पुढं फोटो पडला म्हणजे ते घडलं, असं धरायची रीत पडली. खिचडी शिजली, फोटो. पोरांनी हात धुतले, फोटो. झाड लावलं, फोटो. तेच झाड, तोच खड्डा, पाहुणे फक्त नवे. सरांच्या मोबाइलनं मान टाकली होती, त्यामुळं टॅबलेट म्हणजे त्यांना देवच पावला.

“मॅडम, तुमचं ते चित्रपटाचं दुपारच्या सुट्टीनंतर. सकाळी टॅबलेट खिचडीला लागतो.”

“चालेल सर.”

सातवीत शिवलीला नावाची मुलगी होती. वर्गात तोंड उघडायची नाही, आणि मेंढरं लांब गेली की शाळेतही यायची नाही. तिचा बाप महांतप्पा मेंढरं राखायचा. त्याचा धाकटा भाऊ लग्न करून पुण्याला कंपनीत गेला होता आणि कळपामागं माणूस उरलं नव्हतं. वाडीवरची शाळा सातवीपर्यंत. आठवीला अणदूर. महांतप्पाच्या हिशेबानं सातवी म्हणजे पुष्कळ झालं.

दीपाली त्याला भेटायला वाड्यावर, म्हणजे काटेरी कुंपणाच्या मेंढवाड्यावर गेली. तिचे आजोबा असल्याच वाड्यावर निजायचे. वडील एसटीत कंडक्टर झाले म्हणून ती मॅडम झाली, नाहीतर ती आज कुंपणाच्या आतल्या बाजूला उभी असती. हे तिला ठाऊक होतं आणि महांतप्पालाही.

“मामा, पोरगी हुशार आहे. अणदूरला घाला तिला.”

“हुशार हाय ते मला म्हाईत न्हाय व्हय? म्हणून तर मेंढरांमागं पायजे. येड्याचं काम न्हाय ते.”

“शाळेत ती एक काम करतेय. ते एकदा बघा.”

“काय करती?”

“मेंढरं चालवतेय.”

महांतप्पा हसला. “मग शाळा कशाला? ते तर ती हितं बी करती.”

“ही खोटी मेंढरं आहेत मामा. मातीची. ती चालतात.”

महांतप्पानं तिच्याकडं जरा काळजीनं बघितलं. मग म्हणाला, “ठीक हाय. दावा मला. मातीचं मेंढरू पोरीनं चालवून दावलं तर अणदूरला धाडतो. खंडोबाची आण. न्हाय चाललं तर मातुर पुन्हा हा विषय काढायचा न्हाय.”

“ठरलं,” दीपाली म्हणाली. तिनं लिंबू चालताना बघितलं होतं.

वर्गामागच्या अडगळीच्या खोलीत काम सुरू झालं. तळ्याच्या काठची चिकण माती, वर कातरलेली खरी लोकर. काळ्या फळीवर खडूनं हायवे आखला, काडेपेट्यांचे ट्रक झाले. गोष्ट शिवलीलाची होती: कळप हायवे ओलांडतो आणि सगळं हैदराबाद-सोलापूर थांबून राहतं. एवढीच. पण प्रत्येक मेंढरू प्रत्येक फोटोला किती सरकवायचं, यावर पोरांची जुंपली. कुणी बोटभर सरकवायचं, कुणी वीतभर, आणि मेंढरं टोळासारखी उड्या मारायची. शेवटी शिवलीला घरून मूठभर ज्वारी घेऊन आली. दाणा मेंढराच्या पुढं टेकवून ठेवायचा, उचलायचा, मेंढरू दाण्याच्या जागी सरकवायचं, फोटो.

“दाण्यापरीस जास्त सरकवलंस तर बघ,” ती वर्गातल्या उत्कर्षला दरडावायची. वर्षभर न बोललेली पोरगी आता खोलीत दुसऱ्या कुणाला बोलू देत नव्हती. “आन् शिंकू नकोस. तुझ्या शिंकंनं कालचा ट्रक उलटला.”

“मॅडम, ही मला शिंकू बी देईना!”

“बाहेर जाऊन शिंक,” मॅडम म्हणायच्या.

सबंध फेब्रुवारी असा दाण्यादाण्यानं गेला. शिवलीला एक दिवसही चुकली नाही. मधेच दीपालीनं थोडे फोटो पळवून बघितले. पुढची मेंढी मान खाली घालून डांबरावर उतरली, बिचकली, आणि चालू लागली. पोरं ओरडली. शिवलीला ओरडली नाही, तिनं नुसतं म्हटलं, “तिसरी मेंढी लंगडतीय. पर राहू द्या. आमच्यात बी एक लंगडी हाय.”

सगळे फोटो झाल्यावरच ते जोडायचे, असं प्रशिक्षकानं सांगितलं होतं. कार्यक्रम शनिवारी ठरला. जोडायचं काम शुक्रवारी.

शुक्रवारी दीपालीनं टॅबलेट उघडला. त्यात खिचडी होती. हात धुणारी पोरं होती. झाड होतं. आणि मेंढरांचा एक फोटो होता.

ती कार्यालयात गेली. रणखांब सर चहा पीत होते.

“सर, मेंढरांचे फोटो?”

“हां, ते सांगायचंच राहिलं. मेमरी फुल्ल झाली होती मॅडम, उद्याच्या पाहुण्यांचे फोटो कुठं मावणार? म्हणून रात्री जरा साफसफाई केली. तुम्ही एकच फोटो किती वेळा काढलाय ओ! पोरांच्या हातात टॅबलेट दिला की असं होतं. मी बोललो नाही तुम्हाला.”

“तो एकच फोटो नव्हता सर.”

“मी चष्मा लावून बघितलं. मेंढरं जागची हललेली नाहीत.”

“हलली होती. दाण्याएवढी.”

सरांनी कप खाली ठेवला. “दाण्याएवढं हललेलं माणसाला दिसतं का मॅडम? तुम्हीच सांगा. पण काळजी करू नका, त्यातला सगळ्यात स्वच्छ एक ठेवलाय.”

“पुसलेले फोटो टॅबलेटच्या कचरापेटीत असतात. तिथून परत...”

“तीही रिकामी केली,” सर अभिमानानं म्हणाले. “स्वच्छता पंधरवडा चालू आहे ना.”

काय झालं ते तिनं समजावून सांगितलं. सरांना ते समजलं, हे विशेष. त्यांचा चेहरा खरोखर पडला. मग म्हणाले, “पण आता कार्यक्रम काही मागं घेता येत नाही. पाहुण्यांना फेटे सांगितलेत.”

शनिवारी मंडप उभा राहिला. पाहुण्यांचा सत्कार झाला, पाहुण्यांनी सरांचा सत्कार केला, सरांनी आचाऱ्याचा केला. प्रत्येक सत्काराचा फोटो निघाला. आता जागा होती. दृश्यमाध्यम हा शिक्षणाचा कणा आहे हे वाक्य धाराशिवहून इथवर आलं होतं, ते तीन वक्त्यांनी म्हटलं. महांतप्पा धुतलेलं धोतर नेसून, घोंगडं खांद्यावर टाकून शेवटच्या रांगेत बसला होता. शेजारी शिवलीला. तिला शुक्रवारीच कळलं होतं. ती रडली नव्हती. खोलीत जाऊन तिनं फक्त दाणे गोळा केले होते.

मग रणखांब सरांनी माइक घेतला. “आता आपल्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला चित्रपट!”

टीव्हीवर मेंढरांचा फोटो आला. लोक बघत राहिले. पुढची मेंढी डांबराच्या कडेला, मान खाली घातलेली. मागं काडेपेटीचा ट्रक. कुणीतरी घसा खाकरला. पुरेसा वेळ झाला असं वाटल्यावर प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“फार जिवंत वाटतं,” पाहुणे म्हणाले.

महांतप्पानं टाळ्या वाजवल्या नाहीत. मंडपातली माणसं उठेपर्यंत तो टीव्हीकडं बघत बसला होता. दीपाली त्याच्यापाशी आली.

“मेंढरं झ्याक केलीत,” तो म्हणाला. “लंगडी बी वळखू आली. कवा चालणार?”

“मामा, चालली होती. फोटो पुसले गेले. मी परत...”

“चालली हुती, अप्पा,” शिवलीला म्हणाली. “मॅडमनी बी बघितली.”

महांतप्पा लेकीकडं बघत राहिला. त्याला राग आला नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, तुमचे आजा आन् माझा बाप एका वाड्यावर हुते. म्हणून आलो. मेंढरं रोज माझ्यापुढं चालत्यात. उभी मेंढरं बघायला धोतर धुऊन यायचं काय काम हुतं?”

“आणखी महिनाभर द्या. आम्ही पुन्हा करू.”

“ठरलं हुतं न्हवं?” तो म्हणाला, आणि घोंगडं सावरून उठला. शिवलीलानं मुठीतले दाणे मंडपाच्या कडेला कोंबड्यांपुढं टाकले आणि ती बापामागं निघाली.

अहवाल वर गेला. त्यात उद्घाटनाचे, सत्काराचे, फेट्यांचे, आणि टॅबलेट हातात धरून मार्गदर्शन करणाऱ्या रणखांब सरांचे भरपूर फोटो होते. उत्कृष्ट चित्रपट निर्मितीबद्दल शाळेला तालुक्यात पहिला क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र स्वीकारायला सरांनी दीपालीलाच पुढं केलं. तिनं नको म्हटलं, पण नाही म्हणणं तिला नीटसं जमत नसे. तिचा फोटो निघाला.

जूनमध्ये सातवीच्या सगळ्या पोरांनी शाळा सोडल्याचे दाखले नेले. शिवलीलाचा न्यायला कुणी आलं नाही. तो कपाटात आहे. टॅबलेटही तिथंच असतो. त्यात आता भरपूर जागा आहे.