पेढ्यांच्या डब्यातलं इंजेक्शन

मयुराला क्रोन्स आहे, हे आमच्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. आतड्याला सूज आणणारा हा आजार जन्मभर सोबत राहतो. औषधं वेळेवर घेतली की बराच काळ गप्प बसतो. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या पोटाची चर्चा चारचौघांत नको, म्हणून माझ्या सुनेनं, चारुतानं, "ॲसिडिटी आहे" असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून दीड वर्ष शेजारच्या जानकीजी मयुरासाठी भाजलेली बडीशेप पाठवत होत्या.

घरात माझ्याकडे काम एकच, औषधांची माहितीपत्रकं वाचण्याचं. इथल्या हिंदी मुलखात कारखान्याच्या लायब्ररीत तीस वर्षं काढल्यामुळे बारीक टाइपाचं मला भय नाही. रोजची गोळी आणि एका आड एक शनिवारी पोटावर टोचायचं इंजेक्शनचं पेन, दोन्हींचे दुष्परिणाम मला पाठ होते. ते मी नातीला ओळीनं विचारत असे. शेवटी तिनं नियमच केला.

"आबा, दिवसाला एकच साइड इफेक्ट. बाकी कल पूछना."

मे महिन्यातल्या त्या शनिवारी मुलगा आणि सून लग्नाला मऊरानीपूरला गेले होते. मयुरा क्लासला होती. अकरा वाजता ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज धडाम् करून उडाला आणि फ्रिज बंद पडला. पेन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजमध्ये मी मुद्दाम थर्मामीटर ठेवला आहे. बारा वाजता सात, साडेबाराला आठ. बाहेर पंचेचाळीस. पेन एवढंच शिल्लक होतं. पुढचं दिल्लीहून यायला आठ दिवस. हिवाळ्यात एक डोस असाच लांबला, तेव्हा पोरगी तीन आठवडे अंथरुणावर होती. आणि आता तिची हॉकीची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आलेली.

चारुताला फोन केला. मागे बँड वाजत होता.

"बाबा, जानकीजींची फेज वेगळी आहे, त्यांच्याकडे लाइट असेल. तिथे ठेवून या. पण कशाचं आहे ते सांगू नका हं!"

सांगायचं नाही म्हणजे झाकायला हवं. कपाटात दिवाळीतला पेढ्यांचा रिकामा डबा होता, लाल फितीसकट. पेन त्याच्या खोक्यासकट आत बरोबर बसलं. फीत बांधताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. असं क्वचित घडतं, आणि घडलं की काहीतरी चुकलेलं असतं.

जिन्यावर मी वाक्य तीनदा घोकलं : 'ये शाम तक आपके फ्रिज में रख दीजिए, मैं ले जाऊँगा.' दार उघडलं आणि जानकीजींचा चेहरा असा खुलला, की माझं वाक्य पळूनच गेलं.

"अरे भाईसाहब! आप! इसकी क्या ज़रूरत थी!"

"फ्रिज में..." मी म्हणालो.

"हाँ हाँ, फ्रिज में ही रखेंगे. गर्मी देखिए!"

मी हात जोडले आणि घरी आलो. अर्धं काम झालं होतं. कोणतं अर्धं, हे मला तेव्हा कळलं नाही.

चार वाजता मयुरा आली. लाइटही आली.

"आबा, पेन कुठे आहे?"

"जानकीजींकडे. पेढ्यांच्या डब्यात."

"त्यांना सांगितलं ना, की मिठाई नाहीये?"

"मी फ्रिज म्हणालो."

"आणि पुढे?"

"पुढे त्याच बोलल्या."

मयुरानं कपाळावर हात मारला. "आबा! या गल्लीत मिठाईचा डबा कोणी उघडतं का? पुढे सरकवतात! हाच डबा दिवाळीत आपल्याकडे तीन घरं फिरून आला होता!"

खरंच होतं ते. आम्ही धावलो, म्हणजे ती धावली आणि मी दिशा धरली. खाली जानकीजी बरुआसागरला बहिणीकडे निघाल्या होत्या. रिक्षा सुरू होती आणि मांडीवर लाल फितीचा डबा.

"रुकिए!" माझ्या तोंडून निघालं. एवढा मोठा आवाज मी लायब्ररीत कधी कोणाला काढू दिला नव्हता. सगळी गल्ली बाहेर आली. पण आत काय आहे ते सांगायला सुनेनं मना केलं होतं.

मयुरानं माझ्याकडे पाहिलं, मग गल्लीकडे.

"आंटी, उसमें मेरा इंजेक्शन है. मुझे क्रोन्स है. आँतों की बीमारी. आज ही लगना है."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"तो एसिडिटी नहीं है?" जानकीजी म्हणाल्या.

"नहीं."

"और मैं डेढ़ साल से सौंफ भून रही हूँ!"

"सौंफ आबा खाते हैं," मयुरा म्हणाली.

मी चपलांकडे पाहिलं. मग धीर करून विचारलं, "फ्रीज़र में तो नहीं रखा था?"

"दही के पास रखा था. अभी निकाला है, छूकर देखिए." डबा गार होता. मयुरानं पेनच्या खिडकीतून पाहिलं. औषध स्वच्छ, पाण्यासारखं.

बहीण बरुआसागरलाच वाट पाहत राहिली. जानकीजी वर आल्या. अर्धा तास पेन टेबलावर ठेवलं, मग मयुरानं सवयीनं पोटाची चिमूट धरून ते टोचून घेतलं. मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाहिलं. वळलो तेव्हा माहितीपत्रक जानकीजींच्या हातात होतं, चष्मा नाकावर.

"बिटिया, सिरदर्द तो नहीं हो रहा? खुजली? चक्कर?"

"आबा," मयुरा म्हणाली, "नियम तोच. दोघांत मिळून एक."

चारुताला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. मलाही ती ॲसिडिटी सांभाळणं जड जात होतं."

दुसऱ्या दिवशी मी खरे पेढे घेऊन गेलो. या वेळी अख्खं वाक्य बोललो. जानकीजींनी डबा घेतला आणि तिथेच दारात, माझ्यासमोर फीत सोडली. आत वाकून नीट पाहिलं, मगच एक तोंडात टाकला.