मालनचं ओके

मालन परबने आयुष्यात इंग्रजीचा एकच शब्द पोटासाठी वापरला, आणि तो होता ओके. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ती अकरा वर्षं छोट्या गॅस सिलिंडरचे रेग्युलेटर तपासत होती. रेग्युलेटरला हवेची नळी जोडायची, तो पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला तर माल बाद. नाही आला तर त्यावर हिरवा गोल स्टिकर, स्टिकरवर ओके आणि तिचा सात नंबर.

तसा हा शब्द फुकटात मिळतो, म्हणून लोक तो चुरमुऱ्यांसारखा उधळतात. तिचा नवरा काशीराम भांडणाच्या शेवटी ओके म्हणायचा, म्हणजे आता तोंड बंद कर. मुलगी ऋतिका आईच्या दहा ओळींच्या मेसेजला ओके एवढंच उत्तर धाडायची. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे बघत ओके म्हणायचे. बोललेलं कुणाला संध्याकाळपर्यंत आठवत नाही. मालनचं ओके मात्र छापील होतं आणि ते परक्याच्या स्वयंपाकघरात जायचं. तिला त्याचा मनातून अभिमान होता, आणि का नसावा?

पण एक गोम होती. ओल्या हातांनी स्टिकर चिकटत नाही. म्हणून गाळ्यातल्या सगळ्या बायका सकाळी कोरड्या हातांनी ट्रेभर मालाला आधीच स्टिकर लावून ठेवत आणि मग पाण्याला बसत. नग बाद निघाला की नखाने स्टिकर खरवडायचा. आधी वरात, मग लग्न, अशातली ही रीत, पण इतक्या वर्षांत कुणाला खटकली नाही.

गुरुवारी दुपारी घरून फोन आला, सासूबाई मोरीत पडल्या. मालन तशीच उठली आणि मुलुंडला धावली. टेबलावर अठ्ठेचाळीस नग राहिले होते. सगळ्यांवर हिरवं ओके होतं आणि पाणी एकालाही लागलं नव्हतं. आपल्या ट्रेला कोण हात लावणार, असं तिला वाटलं, म्हणून तिने कुणाला सांगितलंही नाही.

शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर टेबल रिकामं. पॅकिंगवाली नंदा म्हणाली, "तुझं ओके लागलेलं होतं ना गं, मग भरले. कालच्याच टेम्पोत घाटकोपरच्या दुकानात गेले."

अठ्ठेचाळीसात दोन-तीन तरी बाद निघायचेच. म्हणजे कुठल्यातरी दोन-तीन घरांत बंद खिडकीआड गॅस हळूहळू साठणार, आणि कुणीतरी चहाला म्हणून उठणार. मालन सरळ मालकांसमोर, चंद्रप्रकाशशेठसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

शेठ चिडले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सासूबाईंची चौकशी केली. माल परत मागवला तर दुकानदार पुन्हा दारात उभा करणार नाही, बावीस बायका घरी बसतील, असं समजावलं. मग दार लोटून घेतलं.

"तुम्ही हे अजून कुणाला बोलला नाहीत ना, मालनताई?"

तिने नकारार्थी मान हलवली. "ओके," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

नंदाकडून दुकानाचा पत्ता घेऊन ती भरदुपारी घाटकोपरला पोचली. माल निम्म्याहून जास्त खपला होता. आजूबाजूला भाड्याने राहणारी पोरंपोरी, छोटे सिलिंडर त्यांच्याच घरात. दुकानदाराने तिचं ऐकून घेतलं, रेग्युलेटरचा एक डबा फोडला आणि स्टिकर तिच्यापुढे धरला. "ताई, हे काय लिहिलंय?"

"मीच लावलंय ते. पण तपासलं नाही."

त्याने गाळ्यात फोन लावला. पलीकडून शेठ काय बोलले ते तिला ऐकू आलं नाही, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावर एकाएकी दया आली. घरी आजारपण आहे म्हणे, असं पुटपुटत त्याने तिला स्टूल दिलं. तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेली एक मुलगी आली आणि तोच डबा घेऊन निघालीसुद्धा. मालन आडवी आली, नको घेऊस म्हणाली. दुकानदाराने मुलीला डोळ्याने खूण केली, बाई जरा अशीच आहे. मुलीने स्टिकर पाहिला, मालनला पाहिलं, आणि स्टिकरवर विश्वास ठेवला.

मालन तिच्यामागे निघाली. दोन गल्ल्या, एक जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. पावलं ऐकून मुलगी भराभर जिने चढली आणि तिने दार लावून कडी घातली. मालनने दार ठोठावलं, मग दोन्ही हातांनी बडवलं. घसा फुटेपर्यंत सांगितलं, की गॅस पेटवू नकोस बाळा, खिडकी उघड.

"जाता का पोलिसांना बोलावू?" आतून आवाज आला.

"बोलव," मालन म्हणाली. "आत्ताच बोलव."

आत भांडी सरकल्याचा आवाज झाला, मग सिलिंडरवर रेग्युलेटर बसल्याचा खटका. नंतर लायटरची टकटक ऐकू आली, एकदा, मग पुन्हा.