चपलांच्या रांगेतला मुठीचा डबा

तुम्ही मला चपलांच्या रांगेत बसवलंत, साहेब. नाताळच्या दिवशी, देवाच्या दारात. तुमचं नाव मी घेत नाही. चर्चच्या मंडळीचा कारभार तुमच्या हातात आहे, एवढं पुरे. वर्षभर देवाचे उपकार पोटात साठवणाऱ्याला तुम्ही बाहेर ठेवलंत आणि देखाव्यातली थर्माकोलची मेंढरं आत घेतलीत.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्यात तेल होतं. पलूसच्या बाजारात एका डबे बनवणाऱ्यानं माझं तोंड कापलं, काठ ठोकून बोथट केले, झाकण बसवलं आणि मला दगडाबाईच्या हाती दिलं. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. नवऱ्यानं, ज्योतिबानं, उरलेल्या पांढऱ्या रंगानं माझ्या पोटावर क्रूस काढला. तो जरा वाकडा आला. "असू दे, देवाला कळतंय," असं म्हणून त्यानं ब्रश धुतला. आता तो क्रूस निम्मा गंजलाय आणि बूड इतकं पातळ झालंय, की मला कुणी आपटून ठेवलं की धास्ती वाटते.

माझं काम सोपं. रोज सकाळी चूल पेटायच्या आधी दगडाबाई पोत्यातली मूठभर ज्वारी माझ्यात टाकायची आणि म्हणायची, "तुजं उपकार, देवबापा." आमच्या मंडळीत घरोघरी असा मुठीचा डबा असे. नाताळला सगळे डबे वेदीपुढं पांढऱ्या चादरीवर रिते होत. ती रास मग गावातल्या अडल्यानडल्या घरी जाई, कुठल्याही जातीधर्माच्या. एकच नेम होता. आत पडलेली मूठ घरच्यांनी परत काढायची नाही.

ज्योतिबा गेला त्या सकाळीही मूठ पडली. शेजारीण म्हणाली, "आज कशाचं उपकार मानतीस गं, बाई?"

"चाळीस वर्सं दिला हुता की देवानं मला ह्यो," दगडाबाई म्हणाली आणि झाकण लावलं.

तो नेम एकदा मोडला. महापुराच्या साली गाव शाळेच्या माडीवर जाऊन बसलं. लोकांनी ट्रंका उचलल्या, दगडाबाईनं मला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कुणाकडं कोरडा दाणा उरला नाही, तेव्हा तिनंच माझं झाकण काढलं. पोषण आहाराच्या शेगडीवर घुगऱ्या शिजल्या. सिद्धू नावाच्या तेरा वर्षांच्या पोरानं तीन वाट्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. "खा रं," दगडाबाई म्हणाली, "देवाचं हाय, देवाच्या लेकरानं खाल्लं."

मित्रांनो, खरं सांगायचं तर मी तेव्हापासूनच थकलोय. पण यंदाचं वर्ष भरायचंच होतं, ते सोनियासाठी.

सोनिया दगडाबाईची सून. जानेवारीत एका सकाळी तिचं उजवं अंग लुळं पडलं. मिरजेच्या दवाखान्यातून ती जिवंत परत आली, पायात हळूहळू बळ आलं, हाताची बोटं मात्र मिटेनात. दगडाबाईनं मला तिच्यापुढं सरकवलं. "आजपास्नं मूठ तू घालायची. उजव्याच हातानं. भरली मूठ पडंल, त्या साली डबा तूच वेदीम्होरं न्हेऊन ठिवायचा. मी देवाला शब्द दिलाय."

पहिल्या दिवशी माझ्यात तीन दाणे पडले.

"आत्ती, समदं खालीच सांडलं की."

"खालचं कोंबडी खाईल. तू आत किती पडलं ते बघ."

रोज तेच. कधी पाच दाणे, कधी वीस. कधी सोनिया रडायची, कधी मला लाथाडायची. श्रावणात तिची दोन बोटं मिटली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माझ्या पोटात भरल्या मुठीचा आवाज झाला. तो मला बरोबर ओळखू येतो. सासू-सुना चुलीपुढं तशाच बसून राहिल्या. चूल त्या दिवशी उशिरा पेटली.

नाताळला सोनियानं, किडीसाठी आत घातलेला कडुलिंबाचा पाला काढून, मला पुसलं आणि कडेवर घेतलं. दारात सिद्धू होता. आता वीस वर्षांचा, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला.

"जय ख्रिस्त, आज्जी. डबा हितंच ठेवा."

"का रं? गेल्या साली वर ठिवला हुता की."

"सायबांचा हुकूम हाय. नवी फरशी बसवलीय, धान्यातनं किडं येत्यात. आन् उपासना मोबाईलवर दिसणार हाय, गंजकं डबं बरं दिसत न्हाईत."

"मग ह्येला चपलांत ठिवू व्हय?"

"चपलांवर राखण हाय, आज्जी. कुठं जात न्हाई डबा."

"व्हय बाबा. चपलांची लय काळजी हाय तुमास्नी."

सिद्धूनं मान खाली घातली. त्याला घुगऱ्या आठवल्या असाव्यात. पण बिल्ला काही त्यानं काढला नाही.

मी बुटांमध्ये बसलो. आत उपकारस्तुती सुरू झाली. लाउडस्पीकरवर तुमचाच आवाज, साहेब. फरशीबद्दल उपकार, रोषणाईबद्दल उपकार. बोलणाऱ्यांची यादी आधीच ठरलेली. सोनियाचं नाव तिच्यात नव्हतं.

थोड्या वेळानं सोनिया एकटीच बाहेर आली. झाकण उघडून तिनं उजवा हात माझ्यात घातला आणि बोटं मिटली. सगळी मिटली. माझ्यातून दुसऱ्यांदा मूठ निघाली. मला नेम आठवला, पण ही मूठ देवाकडंच निघाली होती. सिद्धू दारातून बाजूला झाला.

स्पीकरवरचा तुमचा आवाज मध्येच थांबला. मग नव्या फरशीवर ज्वारी पडल्याचा आवाज मी ऐकला, आणि सोनियाचा, धाप लागलेला: "तुजं उपकार, देवबापा." दगडाबाई एवढ्या मोठ्यानं "आमेन" म्हणाली, की पायरीवरचं कुत्रं उठलं.

उपासना सुटल्यावर तुमच्या माणसानं आत झाडू मारला. सुपलीतला केर माझ्याशेजारी ओतला. त्यात चमकी होती, थर्माकोल होतं आणि सोनियाची मूठ होती. दगडाबाई पायरीवर बसून एकेक दाणा वेचून माझ्यात टाकत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा डबा असेल तर त्याला भंगारात घालू नका. माझं बूड आता फार दिवस टिकणार नाही. म्हणून, साहेब, मी असेपर्यंतच सांगा. अकरा महिने झटून मिटलेली ती मूठ देवानं घेतली होती, ती केरात काढायला तुम्हाला कुणी सांगितलं?