वनमालाची शेवटची लड

चंद्रप्रकाश परबांना सुती धाग्याबद्दल काही विचारा, घड्याळ थांबेल पण माणूस थांबायचा नाही. ते कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तरी गिरणीचा तोरा काही गेला नव्हता. वसईच्या वाड्यांत केळी उतरल्यावर फेकून दिलेले खांब आणून बायको वनमाला त्यांतून धागा काढायला लागली, तेव्हा ते हसले होते, "ह्या काय गो, दोरी वळतंस?" पुढे मुलुंडच्या गाळ्यात हातमाग टाकून तोच धागा मुकाट्याने विणायलाही तेच बसले.

वनमाला तंतूला तंतू जोडायची, डोळ्यांना दिसू नये अशी बारीक गाठ मारून. अशा जोडलेल्या धाग्याची लड तयार झाली की ओल्या फडक्यात गुंडाळून मागापाशी ठेवायची आणि बजावायची, "धागो सुकलो तर तुटतलो हां!" सकाळी ते विणायला घ्यायचे.

सगळं कापड प्रदर्शनांत विकलं जायचं. या वेळी मात्र ती लेकीच्या, निधीच्या, लग्नातल्या साडीसाठी लडी बांधत होती. शेवटची लड फडक्यात गुंडाळली आणि त्याच संध्याकाळी छातीत कळ येऊन ती गेली.

सुतकात मागाला हात लावायचा नाही, असं त्यांच्या थोरल्या बहिणीने, सोनूबाईने, बजावलं. त्यांनी लावला नाही. पण लड सुकली तर? फडकं म्हणजे काही माग नव्हे, अशी मनाची समजूत घालून ते रोज गाळ्यात जायचे आणि फडक्यावर पाणी शिंपडायचे. त्या दिवसांत माणूस तेवढ्यावरच तगला होता.

सुतक फिटल्यावर निधीसमोर फडकं उलगडलं, तसा कुबट वास सुटला. लड काळी पडून बुरशीने चिकट झाली होती.

"बाबा, तुम्ही रोज भिजवत होता हे?"

"धागो सुकलो असतो गो."

ओल एका रात्रीपुरतीच असते, हे सांगायची वेळ वनमालावर कधी आलीच नव्हती.

"जाऊ दे ना बाबा. तंतू आहेत अजून, दुसरी लड बांधू."

"आईसारखी गाठ येता तुका?"

निधीला येत नव्हती. त्यांनी गिरणीतली गाठ मारून पाहिली, तर तंतूच तुटला. इतकी वर्षं ती शेजारी बसून गाठी मारत होती आणि आपण एकदाही मान वळवून पाहिलं नाही, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

त्यांनी काळ्या लडीतली एक गाठ शोधली. कशी घातलीय ते कळावं म्हणून सुईच्या टोकाने हळूच सोडवायला घेतली. बोटांवर तिचा नुसता लगदा झाला.

त्यांनी दुसरी घेतली. निधी रडत "बाबा, पुरे" म्हणत होती, तरी ते पुढची शोधतच राहिले.