सात ते नऊ

तिने कागद खिडकीच्या काचेवर दाबून धरला, त्यावर दुसरा, मग तिसरा. तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या वीजवापराच्या आलेखांच्या रेघा उजेडात एकावर एक तंतोतंत बसल्या. टॅक्सी स्टँडकडे जाणारी वीजवाहिनी भरते ती फक्त संध्याकाळी सात ते नऊ. उरलेले बावीस तास तिच्यात जागाच जागा. वीज कंपनीच्या जोडणी विभागात सहा वर्षं काढलेल्या या इंजिनीअरचा पाय जमिनीवर ठरेना.

टॅक्सीवाल्यांच्या चार्जिंग स्टेशनचा अर्ज चौदा महिने पडून होता. 'वाहिनीत क्षमता नाही, नवी केबल पडेपर्यंत थांबावे' असं पत्र तिच्याच सहीने गेलं होतं. स्टँडवरच्या तीस जणांनी हौसेने विजेच्या गाड्या घेतल्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चार्जिंगच्या रांगेत उभं राहता राहता अकरा जणांनी त्या विकूनही टाकल्या. बारावा तिचा थोरला भाऊ. त्याची गाडी बघायला उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

कागद घेऊन ती साहेबांच्या खोलीत शिरली; दार वाजवायचंही राहिलं. साहेबांच्या हाताखाली एकदा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. त्यांचा हिशेब ठरलेला: सगळे चार्जर एकाच वेळी, पूर्ण जोराने आणि नेमके गर्दीच्या तासाला चालू आहेत असं धरायचं. तेवढं पेललं तरच जोडणी. सगळ्या विभागाने, तिनेसुद्धा, हेच गिरवलं होतं. त्या दोन तासांत चार्जर आपोआप बंद राहतील अशी सोय करायची आणि केबलची वाट न बघता जोडणी देऊन टाकायची, असं तिने एका दमात सांगितलं. साहेबांनी कागद उलटसुलट करून पुन्हा पुन्हा खिडकीशी धरले.

"वाहिनी पेलेल," ते म्हणाले. "पण ऐन संध्याकाळचे दोन तास सोडायला माणसं तयार होतील? त्यांच्याकडून लेखी आणा."

इथेच घोडं अडणार, अशी तिला धास्ती होती. व्हरांड्यात येऊन तिने भावाला फोन लावला, स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर लावायला सांगितलं आणि वकिलाने बाजू मांडावी तशी सुरुवात केली. दोन तासांचाच प्रश्न आहे, पुढे नवी केबल पडली की हीही अट जाईल, तोवर जरा सांभाळून घ्या. पलीकडे हशा पिकला. इतका, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं, सात ते नऊ तर आमचा धंद्याचा वेळ," भाऊ म्हणाला. "लोक ऑफिसातून सुटतात तेव्हा. त्या वेळेला गाडी चार्जिंगला लावणारा माणूस इथे शोधून सापडायचा नाही."

सुंठीवाचून खोकला गेला होता. तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

अर्ध्या तासात भाऊ एकोणीस सह्यांचा कागद घेऊन धापा टाकत हजर झाला. साहेबांनी सही केली, शिक्का मारला, उद्या सकाळीच माणसं पाठवायला सांगितलं आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. भावाने तिच्या टेबलाशी उभं राहूनच गिऱ्हाइकाला फोन केला, गाडी विकायची नाही म्हणून सांगून टाकलं.

"आधी का नाही विचारलं कुणी?" त्याने फोन खिशात टाकत विचारलं. आवाजात राग नव्हता.

"अर्जात तसा रकानाच नाही, दादा. किती वीज लागेल ते विचारतो आम्ही. कधी लागेल ते नाही."

तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"रोज समोरासमोर जेवतो ना गं आपण," तो म्हणाला.

तो गेल्यावर तिने रखडलेल्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला आणि सगळ्यात वरच्या अर्जावरचा फोन नंबर फिरवला.