महादेवप्पांची नजर

"सगळ्यांचे डोळे एकच आहेत की हो," शेषेराव सर म्हणाले आणि महेबूबनं आणलेल्या तिन्ही तसबिरी त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या.

महेबूबला वाकून बघायची गरज नव्हती. ते डोळे त्यानंच काढले होते. लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं म्हणून जिल्ह्यातल्या चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं. चित्रं निवडायचं काम शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या शेषेराव सरांकडं होतं, आणि आज पाचपर्यंतच ती घेतली जाणार होती.

"लोकांला लई आवडतेत, सर. हेच मागतेत."

"लोकांना कॅलेंडरंही आवडतात, महेबूबभाई. हा धंदा झाला. चांगला धंदा आहे, मी नावं ठेवत नाही. पण गिऱ्हाइकाचं तोंड न बघता काढलेलं एखादं आहे का? असेल तर आणा. मी पाचपर्यंत इथंच आहे."

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर महेबूब दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता.

गोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. लिंगायत घरात माणूस गेला की त्याला आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून भिंतीला टेकवून बसवतात आणि तसंच बसवून पुरायला नेतात. त्या मधल्या वेळात महेबूबला बोलावणं यायचं. फोटोत डोळे अर्थातच मिटलेले असत. मोठ्या प्रतीवर तो ते रंगानं उघडून द्यायचा. सुरुवातीला ज्याचे त्याला द्यायचा. पुढं एका म्हाताऱ्याला त्यानं मोठे, ओलसर, सगळं माफ केल्यासारखे डोळे काढून दिले आणि ते लोकांना असे काही आवडले, की जो तो तेच मागू लागला. तापट, कंजूष, सुनेला छळणारे, सगळे भिंतीवर चढले की एकदम संत व्हायचे. महेबूबचा हात इतका बसला होता, की रेडिओ ऐकत ऐकत तो एक जोडी उरकायचा. तरुणपणी हैदराबादला जाऊन चित्रकला शिकायची त्याला फार हौस होती. ती राहिली ती राहिलीच. दुकानाच्या पाटीवर त्यानं 'आर्टिस्ट' एवढं लिहून घेतलं होतं, आणि रोज कुलूप काढताना त्या शब्दाकडं बघायचं तो टाळायचा.

पण एक चित्र होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात किराणा दुकानदार महादेवप्पा गेले. महेबूब लहानपणापासून त्यांच्या दुकानात गूळ-चहा आणायला जायचा. डावा डोळा बारीक, आणि उजवा सतत गिऱ्हाइकाच्या हातावर. ते डोळे त्याला पाठ होते. तीन दिवस खपून त्यानं ते तेलरंगात काढले. फोटो धुवायला बिलकीसनं, त्याच्या बायकोनं, प्यायच्या पाण्यातले दोन तांबे कुरकुरत काढून दिले. चित्र पुरं झालं तेव्हा तो स्वतःच दचकला होता. पण महादेवप्पांच्या थोरल्या मुलानं बघितल्या बघितल्या सांगितलं, "पोरं भितील. सगळ्यांसारखे डोळे लावा." खरडून काढायला महेबूबचा हात धजला नाही. त्यानं नेहमीचे डोळे वरून पाण्याच्या रंगात चढवून दिले. ओला कापूस फिरवला की वरचे जाणार आणि खालचे तसेच असणार, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

चार वाजता तो महादेवप्पांच्या घरी पोचला. घरात त्यांच्या पत्नी नागम्मा एकट्याच होत्या. त्यानं तसबीर उतरवली, मागचा पुठ्ठा काढून काच बाजूला ठेवली आणि खिशातून कापूस काढला. कशासाठी, तेही काही न लपवता सांगितलं.

नागम्मा तसबिरीजवळ सरकल्या.

"म्हंजे खाली मालकांचे खरे डोळे हायेत?"

"हाव, अव्वा. माझ्या हातनं तेवढंच एक खरं काम झालंय."

"आन् ते परदर्शनात लागल्यावर?"

"लोक मला चित्रकार म्हणतील. एवढंच."

बोलून गेल्यावर त्याची त्याला लाज वाटली.

"चाळीस वर्सं संसार केला मी," नागम्मा म्हणाल्या. "मालक बघायचे ते माझ्या हाताकडं. काय आणलं, किती सांडलं. तोंडाकडं कवा बघितलं न्हाई. तुम्ही हे डोळे लावलाव, त्या दिसापासून बघायलेत. मी सकाळचा च्या हितंच बसून पिते. खोटं हाय, मला कळतंय की. म्हातारी झाले, खुळी न्हाई." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "पुसायचं तर पुसा. तुमच्याच हातचं हाय. मी आत जाते, मला बघवायचं न्हाई."

महेबूबनं कापूस भिजवला. ते वरचे डोळे त्याला आजही आवडले नाहीत. रागारागात पाव तासात काढलेले, ढोबळ, गोडगोड. त्यांच्याखालचे बघायला तो अकरा वर्षं तरसला होता. कापूस तसबिरीपाशी नेला, मागं घेतला, पुन्हा नेला. मग त्यानं तो मुठीत पिळून टाकला आणि काच बसवायला घेतली.

नागम्मा बाहेर आल्या तेव्हा तसबीर खिळ्यावर होती. त्यांनी आधी तिकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "मी गेल्यावर माझा फोटो कराल तवा असले डोळे लावू नका, भाई. माझे माझेच ऱ्हाऊ द्या. मालकांनी बघावं तर मलाच बघावं."

"मग मला आत्ताच बघावं लागंल. मागून मिटलेलेच घावतेत."

आजवर त्यानं जेवढे डोळे रंगवले, ते सगळे मिटल्या पापण्यांवर. त्यानं पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. नागम्मा भिंतीला टेकून बसल्या. परक्या माणसाच्या नजरेला नजर द्यायची सवय नव्हती, दोनदा पदराशी चाळा करून झाला. मग त्यांनी मान वर केली.

"तुमचं पाचाचं काम व्हतं न्हवं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"हलू नका, अव्वा," महेबूब म्हणाला. तो अजून डाव्या डोळ्यापाशीच होता.