वाफेच्या डब्याचा खोटा काटा

मित्रांनो, मी वाफेचा एक जुना, ढेरपोट्या डबा आहे. मलावीतल्या मोठ्या तळ्याकाठी एक लहानसे इस्पितळ आहे, तिथे कोळशाच्या शेगडीवर माझे आयुष्य गेले. शस्त्रक्रियेची कापडे आणि कात्र्या माझ्या पोटात ठेवायच्या, झाकण आवळायचे, खाली विस्तव फुलवायचा. माझ्या वाफेने जंतू मरतात, अशी सर्वांची खात्री होती.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ती तळ्यातून मला घेऊन आलेली नाव, आणि काठावर मला उतरवून घेणारी तरुण एस्तेले. एकोणीस वर्षे तिनेच माझी देखभाल केली. राखेने घासून ती मला लख्ख करी. वाफेचा जोर दाखवणारा माझा काटा वर चढला की झाकणावर थोपटून म्हणे, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" माझी वाफ खिडकीतून निघून तळ्यावरच्या धुक्यात मिसळे. त्या गुंगीत मला वाटे, गावातले प्रत्येक बाळ माझ्याच ढगातून उतरते.

मग वेझी नावाची संशोधक नर्स आली. पोट उघडून बाळंत केलेल्या बायकांच्या जखमा का चिघळतात, हे तिला शोधायचे होते. तीस दिवस ती त्यांच्या घरी जाऊन जखमा पाही. तिने पाणी तपासले, साबण तपासला, डॉक्टरांचे हात तपासले. तरी पाचांतली एक आजारी पडतच होती. त्यांतली फालेसी तर तापाने इतकी फणफणली की लेकराला छातीशी धरण्याचेही तिला त्राण उरले नाही.

एके सकाळी वेझीने माझ्या पोटातल्या कापडांच्या मधोमध कागदाची एक फिकट पट्टी ठेवली. वाफ पुरेशी तापली, तर पट्टी काळी व्हायला हवी होती. झाकण उघडले, तेव्हा ती फिकटच होती.

"तुझी पट्टीच खराब असेल," एस्तेले फणकारली. "काटा बघ की! पुरता वर आहे."

"मावशी, आता विस्तव विझलाय. तरी काटा वरच आहे."

एस्तेलेने बोटाने काच ठोठावली. काटा हलला नाही. गंजून तो केव्हाचा अडकला होता, आणि त्याच्यावर विसंबून ती मला लवकर उतरवत होती. मित्रांनो, मलाही हे ठाऊक नव्हते. मी आपला ढगांत होतो.

एस्तेले समोरच्या ओसरीवर गेली. तिथे फालेसी उन्हात बसली होती. ताप उतरला होता, जखम अजून ओली होती.

"पोरी, ती कापडं माझ्या हातची होती," एस्तेले म्हणाली. "माझ्या हातून तुला हे भोगावं लागलं."

"मला फार दुखलं, मावशी," फालेसी म्हणाली. मग मांडीवरचे बाळ तिच्याकडे सरकवत म्हणाली, "जरा घ्या हिला. माझा हात भरून आलाय."

एस्तेले बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसली.

पुढे मला नवा काटा बसला. वेझीच्या वहीत चिघळलेल्या जखमा कमी होत गेल्या. एस्तेले आता मला थोपटण्याआधी पट्टी उजेडात धरून पाहते. पहिल्यांदा मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण मित्रांनो, तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखे जुने सेवक असतील. त्यांना नुसते घासूनपुसून ठेवू नका. त्यांच्या पोटात काय चालले आहे, तेही बघत जा. आमची चूक आम्हाला दिसत नाही, आणि तिचे दुखणे मात्र एखाद्या फालेसीच्या वाट्याला येते.